तात्यांच्या खड्ड्यातली घागर

परवा पुणतांब्याहून अनिलचा फोन आला. "बाई, मागलं अंगन खोदायला काढलंय. दोन खोल्या वाढवायच्यात. जेसीबीच्या दातात तांब्याचा पत्रा आला. हिरवा पडलेला, पर चांगला जाड हाय. आठ फुटांवर हुता. भंगारवाला दारात येऊन बसलाय. तात्यांनी हे कशाला पुरलं असंल, तुमाला काय ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. त्या पत्र्याचं सगळं मला ठाऊक होतं, आणि त्या घरात ते ठाऊक असलेली दोन्ही माणसं आता राहिली नव्हती.

"भंगारात देऊ नकोस," मी म्हणाले.

"का वं?"

"देऊ नकोस म्हटलं ना!" वर्गात मागच्या बाकावर कुणी खिदळलं की मी ज्या आवाजात ओरडायचे, त्याच आवाजात ओरडले. पन्नाशीकडे झुकलेला तो गृहस्थ "बरं बाई" म्हणून गप्प बसला. फोन ठेवल्यावर मला आधी हसू आलं आणि मग रडू. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तात्या म्हणजे अनिलचे वडील, रावसाहेब बनकर. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पंचक्रोशीत त्यांना तारवाले तात्या म्हणत. आयुष्यभर खांबांवर चढ-उतर केली आणि मोबाईल आल्यावर खांबांना कुणी विचारेनासं झालं तेव्हा मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले. बसले म्हणजे आपलं म्हणायचं. चार महिन्यांत त्यांनी कसल्याशा परीक्षेला बसून घरबसल्या बिनतारी बोलायचा, हौशी रेडिओचा परवाना काढला, कुठून कुठून जुने भाग आणून स्वतः सेट जोडला, आणि गच्चीवर उंच लोखंडी पाइप उभा करून तिथून मागच्या पेरूच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणली. गावाला वाटलं, तात्या केबलचा धंदा काढतायत. दोघा-तिघांनी तर "आमचं कनेक्शन कधी?" म्हणून दारात येऊन विचारलं. "हे ऐकायचं यंत्र हाय, बघायचं न्हाई," असं सांगून तात्यांनी त्यांना वाटेला लावलं.

मी त्यांच्या समोर राहायचे. हायस्कुलात मराठी शिकवायचे, एकटी होते, आणि विजेतलं मला बटण दाबण्यापलीकडे काही कळत नव्हतं. माझ्या तिथल्या पहिल्याच वर्षी एका वादळात माझा टीव्ही जळाला. दुसऱ्या दिवशी तात्या न बोलावता आले. अंगात पांढरा सदरा, खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. हा टेस्टर लग्नातल्या सफारीच्या खिशातही असे. आले ते माझ्याकडे न बघता थेट मीटरपाशी गेले. एक हिरवी वायर बोटाने माग काढत काढत भिंतीवरून खाली नेली आणि शेवटी हसले. हसणं म्हणजे नाकातून एक फुसकारा.

"बाई, तुमचं अर्थिंग खिळ्याला बांधलंय."

"मग?"

"खिळा विटेत हाय. वीट सिमिटात. आता वीज आली तर तिनं जायाचं कुठं? तुमच्या टीव्हीतच ऱ्हायली बिचारी."

वीज त्यांच्या लेखी नेहमी 'बिचारी' असायची. "वीज पाव्हनी हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तिला अडवायचं न्हाई, तिच्याशी भांडायचं न्हाई. मागलं दार दावायचं. दार दिसलं की जाती. न्हाई दिसलं तर घरात फिरती, आन मंग जे दिसंल ते मोडती." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते 'पाव्हनी' म्हणाले की उरलेलं मीच पुरं करायचे. त्यांना त्याचा राग येत नसे. पाठांतर बरं आहे म्हणत.

त्यांच्या पाहुणचाराचे नियम कडक होते. आभाळात पहिली गुरगुर झाली की एरियलची वायर सेटमधून काढायची, तिचं टोक काचेच्या बरणीत सोडायचं आणि बरणी खिडकीत ठेवायची. बरणी लोणच्याची होती, काकूंच्या फळीवरची. काचेतून वीज जात नाही, एवढं तिचं क्वालिफिकेशन. मग भिंतीतला सेटचा प्लग उपसायचा. मग मुख्य बटण. या क्रमात बदल नाही. सोनईला त्यांच्या साडूच्या मुलीच्या लग्नात पंगत बसली होती, तात्यांनी पहिला घास हातात घेतला होता आणि लांब कुठेतरी गुरगुरलं. तात्या उठले, हात धुतला आणि दोन एसट्या बदलून दिवेलागणीला पुणतांब्यात पोचले. आभाळ स्वच्छ. आणि वायर बरणीतच होती. सकाळी निघताना त्यांनीच काढून ठेवली होती.

"उपाशी आले ते आले, माझ्या भाचीच्या लग्नात माझं नाक कापून आले," काकू मला सांगत होत्या. तात्या शेजारीच टेस्टर पुसत बसलेले.

"खात्री केलेली बरी," ते म्हणाले. झालं त्यांचं बोलून.

काकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय तात्या सांगताच येत नाहीत. कौसल्या नाव, सगळ्यांच्या कौसाकाकू. ठेंगण्या, हसऱ्या, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. आणि तात्या घरात दिवसाला तीन वाक्यं बोलत. चौथं लागलंच तर मानेने भागवत. पण रोज सकाळी सात वाजता सेटसमोर बसले की तोंड उघडायचं. केरळातले एक निवृत्त मास्तर, ग्वाल्हेरकडचे एक डॉक्टर, आणखी कोण कोण, सगळे आपापल्या घरातून त्या वेळी बोलायला यायचे. तात्यांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. "घुटना लई दुखता है मास्टरजी, रात को नींद नहीं आता."

काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत हे ऐकायच्या. दुपारी तेल कोमट करून गुडघ्याला लावायला घेऊन बसायच्या. तात्यांनी कधी विचारलं नाही, हिला कसं कळलं. काकूंनी कधी सांगितलं नाही. मला मात्र म्हणाल्या होत्या, "मला ह्यांची खुशाली केरळावरून कळती, बाई."

आता तो पत्रा.

सेट जोडल्यावर दुसऱ्याच वर्षी चैत्रात वीज पडली, समोरच्या शेतात. तेव्हा अजून बरणीचा नियम नव्हता, अर्थिंगही घराचंच होतं, म्हणजे जवळपास माझ्या खिळ्याच्याच जातीचं. सेट जळाला. तात्या तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी कुदळ घेतली आणि मागच्या अंगणात खड्डा खणायला लागले. आठ फूट. खाली पत्रा, वर कोळसा, मीठ, परत कोळसा, मीठ, मधोमध पाणी घालायला पाइप आणि वर झाकण. रेडिओसाठी वेगळं, एकट्याचं अर्थिंग. सगळं सामान जमलं, तांब्याचा जाड पत्रा तेवढा नव्हता. तो नगरहून यायचा होता, आभाळ तर रोज भरून येत होतं.

काकू माहेरी गेल्या होत्या. अनिल कॉलेजसाठी संगमनेरला होता. फळीवर काकूंची माहेरची तांब्याची घागर होती. आईने लग्नात दिलेली, जड, गळ्यापाशी वेलबुट्टी. तात्यांनी ती खाली घेतली, पत्र्याच्या कात्रीने उभी कापली आणि हातोड्याने ठोकून सपाट केली. तो ठोकण्याचा आवाज मी माझ्या ओट्यावरून ऐकला. मला वाटलं, काहीतरी दुरुस्त करतायत.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी काकू परत आल्या. आमच्याकडे त्या दिवशी घागर पाण्याने भरून पुजतात, गेलेल्या माणसांच्या नावाने. काकू दरवर्षी तीच घागर पुजायच्या, आईच्या नावाने. फळी रिकामी.

"घागर कुठं हाय?"

"जमिनीत," तात्या म्हणाले.

काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तात्यांना ते कळलंच नाही. मी काकूंच्या वतीने रागावून त्यांना सांगायला गेले तेव्हा ते खरोखर चकित झाले. "अवो पर फळीवर धूळ खात हुती. आता कामाला तर आली."

दुसऱ्या दिवशी, आखितीला, काकूंनी काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळी अंघोळ करून अंगणात आल्या, खड्ड्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, झाकण उचललं आणि पाइपात दोन तांबे पाणी ओतलं. मी बघतेय हे पाहून जरा ओशाळल्या. "काय करनार, बाई. माहेरची घागर कोरडी ठेवू न्हाई."

आता गंमत अशी की अर्थिंगच्या खड्ड्यालाही ओल लागते. माती वाळली की तो निकामी होतो, उन्हाळ्यात त्यात रोज पाणी ओतावं लागतं. तात्या ते सांगणारच होते. त्यांच्या आधी काकूंनी सुरू केलं होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी दोन तांबे. ज्या वर्षी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, त्या वर्षीही काकू तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवून ते घागरीला घालत. त्यांनी कारण एक ठरवलेलं, तात्यांनी दुसरं. काम एकच होत होतं. मला वाटतं, बहुतेक संसार असेच चालतात.

त्यानंतर सेटला कधी काही झालं नाही. तात्यांनी त्याच्या खोलीला वेगळा बोर्ड केला. त्यात एक छोटी डबी बसवली होती. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ती 'टक्' करून लाईन तोडायची. तिला ते राखनदार म्हणत. त्या बोर्डावर दुसरं काही लावायला मनाई होती. एकदा मी मोबाईल चार्जिंगला लावायला गेले तर असे धावून आले की मी देवघरात चपला घालून गेले असं वाटावं.

काकू आजारी पडल्या तेव्हा आधी सगळ्यांनी खोकला म्हणून सोडून दिलं. मग चार पावलं चाललं की धाप लागू लागली. फुफ्फुसं आखडत चालली आहेत, ती आता परत सुधारायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. अनिल तेव्हा संगमनेरच्या एका डेअरीत नोकरीला होता. त्याने घरी ठेवायचं ऑक्सिजनचं मशीन आणून दिलं, हवेतून ऑक्सिजन काढणारं, विजेवर चालणारं. नाकाला नळी, नळी मशीनला, मशीन भिंतीला. लाईट गेली तर असावा म्हणून एक छोटा सिलिंडर.

मशीन आलं त्या दिवशी तात्यांनी स्वतः ते राखणदाराच्या बोर्डावर लावलं. मनाई मोडून. मला ते बघून बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सेट लावला तर त्यातून नुसती घरघर. मशीनची. केरळचे मास्तर काय बोलतायत, एक शब्द ऐकू येईना. तात्यांनी दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी लांब वायर ओढून मशीन स्वयंपाकघरातल्या प्लगवर नेलं आणि काकूंची खाट तिकडे हलवली. घरघर थांबली.

"तुज्यासाटी येगळा बोर्ड करतो," ते काकूंना म्हणाले. "राखनदारासकट. आठ दिवसांत."

"असू द्या की," काकू नाकातली नळी सावरत म्हणाल्या. "हवा काय, हितंबी तीच अन तितंबी तीच."

मी तिथेच होते. स्वयंपाकघरातल्या प्लगला ना धड अर्थिंग, ना राखणदार, हे मला कळत होतं. तात्यांनीच मला इतकी वर्षं शिकवलं होतं. मी बोलले नाही. तारवाल्या तात्यांना विजेतलं मी काय सांगणार, असं मनात आलं. याचा सल मला अजून आहे.

राखणदार चार दिवसांत आला, पार्सलने. तात्यांनी खोकं सेटच्या टेबलाच्या खणात ठेवलं. मग पेरूचा बहर आला, मग गुडघा दुखला, मग रेडिओवाल्यांची कसलीशी स्पर्धा आली. खोकं खणातच राहिलं. माघ गेला, फाल्गुन गेला, चैत्र गेला. रोज सकाळी सातला मात्र तात्या सेटवर बोलत. "घरवाली का तबियत ठीक नहीं, मास्टरजी. मेरे को डर लगता है." स्वयंपाकघरातल्या खाटेवर काकू ते ऐकत. मला म्हणाल्या, "बघा, भ्यालेत. मला कवा म्हनले न्हाईत."

वैशाखातली ती दुपार. सकाळपासून लाईट नव्हती, म्हणून काकूंचा सिलिंडर संपला होता आणि भरून आणायला टेम्पोतून कोपरगावला गेला होता. दोनच्या सुमारास लाईट आली. मशीन सुरू झालं. मी घरी येऊन जेवायला बसले. तीनला वारं सुटलं, धुळीचं, आडवं. मग पश्चिमेकडून गुरगुर झाली.

पुढचं मला तात्यांनीच सांगितलं, सांगितलं म्हणजे एकदाच, महिन्यानंतर, मी न विचारता. ते काकूंच्या पायाशी बसले होते. गुरगुर ऐकली आणि सवयीने उठले. सेटच्या खोलीत गेले. वायर काढली, बरणीत सोडली. प्लगाला हात घालणार, एवढ्यात डीपीकडची, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडची, न्यूट्रलची तार वाऱ्याने तुटली.

न्यूट्रल तुटला की काय होतं, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या घरात व्होल्टेज पडतं, कुठल्या घरात दुप्पट होतं. माझ्या घरातला पंखा एकदम गरगरायला लागला, ट्यूबलाइट पांढरीशुभ्र पडली. तात्यांच्या खोलीत राखणदाराने 'टक्' करून लाईन तोडली. सेट सुरक्षित.

"तो टक् आवाज ऐकला," तात्या मला म्हणाले, "आन बाई, एक क्षन मला बरं वाटलं. म्हनलं, केलं का न्हाई काम पठ्ठ्यानं. एक क्षनच. मंग स्वयंपाकघरातून फाटकन झालं."

मी धावत गेले तेव्हा मशीनमधून धूर येत होता. काकू खाटेवर उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ निळसर. तात्या ते जळकं मशीन हातांनी चाचपत होते, त्याची झाकणं उघडत होते, जणू आत अजून काही शिल्लक असेल. मी ओरडले, "तात्या, गाडी!" तेव्हा भानावर आले. शेजारच्यांची जीप मिळाली. वाटेत फांद्या पडलेल्या. हॉस्पिटलला पोचायला जो वेळ लागायचा तो लागलाच.

काकू तीन दिवस होत्या. तात्या दाराबाहेर बाकावर बसून राहिले, आत जायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत होते. काकूंनी मास्क जरा बाजूला केला.

"बाई, एक काम कराल?"

"सांगा ना."

"घागरीला पानी घालत जावा. ह्यांना आता सुचायचं न्हाई. कोरडी पडली तर... ह्यांचा सेट जायचा." दम घेतला. "त्येवढंच तर बोलायचं ठिकान हाय त्यांना."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या.

खरं सांगते, त्या दिवशी मला तात्यांची दया आली नाही. राग आला. दहाव्याला घाटावर ते केस उतरवून बसले होते, नदीकडे पाठ करून, तेव्हाही आला. घरी आल्यावर मी त्यांच्या देखत तो टेबलाचा खण उघडला आणि खोकं बाहेर काढून टेबलावर ठेवलं. चिकटपट्टीसुद्धा सोडवलेली नव्हती. काय दुष्टपणा केला मी, असं आता वाटतं. तात्यांनी खोक्याकडे बघितलं, मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात नवा बोर्ड बसवला. नेटका, मोजून मापून, नवा राखणदार, जाड वायर. समोर रिकामी खाट. अनिलने म्हटलं, "तात्या, आता कशाला?" ते म्हणाले, "सांगितलं हुतं तिला."

त्यानंतर त्यांनी सातला बोलणं बंद केलं. सेट मात्र चालू ठेवला, दिवसभर. एरियलची वायर लावलेली, प्लग भिंतीत. आणि राखणदाराला वळसा घालून सेट सरळ लाईनवर जोडला. पावसाळ्यात आभाळ गरजायला लागलं तेव्हा मी रस्ता ओलांडून गेले.

"तात्या, वायर काढायची राहिली."

"ऱ्हायली न्हाई."

"जळेल सेट."

"जळू द्या." ते सेटकडे बघत होते. विजेगणिक त्यातून कडकड आवाज येत होता. "ती वाचली न्हाई. हा का म्हनून वाचावा? मला बघायचंय, बाई. पानीबी बंद केलंय खड्ड्याचं. येऊ दे पाव्हनीला. मागलं दार लावलं मी."

मागलं दार लागलेलं नव्हतं. कारण रोज संध्याकाळी तात्या घाटाकडे फिरायला गेले की मी मागच्या अंगणात जाऊन पाइपात तांब्याभर पाणी घालत होते. गेलेल्या बाईला शब्द दिला होता. समोर बसलेला माणूस ते पाणी नको म्हणत होता. कुणाचं ऐकायचं, यावर मी बरीच डोकेफोड केली आणि शेवटी काकूंचं ऐकलं. उन्हाळ्यात, सुट्टीत, अंगात ताप असतानाही मी ते चुकवलं नाही. एरवी मी इतकी शब्दाची पक्की नाही.

त्या पावसाळ्यात काही झालं नाही. परतीच्या पावसातही नाही. हिवाळा गेला. परत वैशाख आला, काकूंचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्यानंतर चारच दिवसांनी भर दुपारी वीज पडली. इतकी जवळ की आवाज आणि उजेड एकदमच आले. माझ्या खिडकीची तावदानं हादरली. गच्चीवरच्या तात्यांच्या पाइपाचं टोक वितळून वाकलं होतं, पेरूच्या झाडाची साल उभी फाटली होती.

मी धावले. मनात एकच, की सेटबरोबर तात्याही गेले.

तात्या खुर्चीत बसले होते. समोर सेटचा दिवा जळत होता. पिवळा, नेहमीसारखा. आतून बारीक खरखर चालू होती आणि त्या खरखरीतून कुणीतरी कुठल्यातरी भाषेत शांतपणे बोलत होतं.

"वाचला," तात्या म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "कसा वाचला? वरीस झालं, थेंब न्हाई घातला. माती ठाक पायजे. आतापरेंत ह्याचा कोळसा व्हायला पायजे." मग एकाएकी ओरडले, त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "कसा वाचला ह्यो?"

उठले, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. मी मागोमाग. पाऊस अजून सुरू व्हायचा होता, अंगणातली माती भाजल्यासारखी कोरडी होती. त्यांनी खड्ड्याचं झाकण भिरकावून दिलं आणि पाइपाशेजारी कुदळ घातली. एक घाव, दोन घाव. तिसऱ्याला माती काळी निघाली. त्यांनी कुदळ टाकली, गुडघ्यांवर बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि हात आत घातला. मुठीत माती घेऊन दाबली. ती लाडवासारखी वळली.

"कोन?" त्यांनी विचारलं.

माझी बदली संगमनेरला झाल्याची ऑर्डर कालच हातात पडली होती, चार दिवसांत मी जाणार होते. नाहीतर कदाचित खोटं बोलले असते.

"मी. काकूंनी सांगितलं होतं, हॉस्पिटलात. माहेरची घागर कोरडी पडू द्यायची नाही. आणि तुमचं बोलायचं तेवढंच ठिकाण आहे म्हणाल्या."

तात्या तसेच बसून राहिले. हात कोपरापर्यंत त्या ओल्या मातीत. मला वाटलं, आता रडतील, आता मला हाकलून देतील. गच्चीवरच्या पाइपाचं लोखंड निवताना मधूनच टिकटिक करत होतं. आतून सेटमधला तो अनोळखी माणूस बोलतच होता.

"रोज घालत हुता?"

"रोज."

"किती?"

"एक तांब्या."

तात्यांनी मान हलवली. मुठीतली माती परत खड्ड्यात सोडली, वरून हाताने सारखी केली.

"ती दोन घालायची," ते म्हणाले. आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, पाणी आणायला आत गेले.